चाळीस मिनिटांची काच

— दुसरं कोण, म्हणजे? पत्रात ‘आम्ही’ लिहिलंय खरं मी. ‘आम्ही ही काच चाळीस मिनिटं उघडी ठेवली’ — असंच लिहिलं असणार. सवयीने लिहिलं गेलं. बसा साहेब, त्या खुर्चीवर बसा, ती डुगडुगत नाही, आणि तुमच्या गाडीला अजून दीड तास आहे. दुसरं म्हणजे आमची मंडळी, गजराबाई. ती नाही आता. श्रावणात गेली, हा गेला श्रावण. नाही, नाही — तुम्हाला कसं माहीत असणार, तुम्ही मुंबईला, तुमच्या मंडळाला माझी पत्रं येतात ती ताऱ्यांची. त्यात मी हे कशाला लिहीन?

ती गेली त्या दिवशी काही वेगळं नव्हतं. बाजाराचा दिवस, सकाळपासून झिमझिम, उजेड मेलेला. अशा उजेडात गिऱ्हाईक येऊ नये असं वाटतं आणि नेमकं येतं. शहाद्याकडचे दोघे भाऊ आले होते, धुडकू पाटील आणि उखा पाटील. शेताची वाटणी व्हायची होती, आणि त्यांच्या म्हातारीची अट अशी की आधी दोघांनी एका फोटोत बसायचं, मग काय वाटून घ्यायचं ते घ्या. आले ते रागातच आले. एकाची खुर्ची बोटभर उंच निघाली, तर दुसरा बसेना. शेवटी दोघांना एका बाकावर बसवलं, तर मध्ये हातभर जागा सोडून बसले. मी म्हटलं, पाटील, एवढी जागा ठेवलीत तर म्हातारी विचारेल मधला कुठे गेला. तेव्हा जरा सरकले. काळ्या कापडाखालून मी डोकं बाहेर काढलं, भिंगाचं झाकण हातात धरलं, आणि दाराकडे नजर गेली तर दारात इसहाक उभा. इसहाक म्हणजे नवापूरकडच्या मिशनच्या दवाखान्यातला वॉर्डातला माणूस, तिकडच्याच डोंगरातला. दुपारच्या गाडीने आला असणार. भिजलेला होता, आणि काखेत गाठोडं होतं. गाठोडं हिरव्या लुगड्याचं. ते लुगडं मी ओळखलं, साहेब. मीच बांधून दिलं होतं तिच्याबरोबर, फाल्गुनात तिला त्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा. मी पाटलांना म्हटलं, हलू नका, आणि झाकण काढलं, आणि चार मोजले — उजेड कमी होता म्हणून चार, एरवी दोन पुरतात — आणि झाकण लावलं. मग म्हटलं, झालं, आणि मग इसहाकला म्हटलं, बोल.

तो म्हणाला, बाई सकाळी गेल्या, साडेसातला. पाणी मागितलं, मी दिलं.

एवढंच म्हणाला. फोटो चांगला आला. म्हातारीने तो देवळीत लावलाय म्हणे, वाटणी झाली तरी. मी संध्याकाळच्या गाडीने इसहाकबरोबर गेलो, जे करायचं ते केलं, आणि आल्यावर पाटलांच्या फोटोची ती काच धुतली. दोघेही भाऊ अगदी स्थिर बसलेत. चार सेकंद मोठा माणूस हलत नाही असं सहसा होत नाही.

असो. तुम्ही काचांसाठी आलात. ही पेटी. सगळ्या क्रमाने लावलेल्या आहेत, कडेला धरा, मध्ये बोट लावू नका — माहीत आहे तुम्हाला, माझी आपली सवय. पहिल्या दोन ओळी सोडून द्या, त्या मी एकट्याने काढलेल्या. तारे तांदळासारखे दिसतील, लांबट. भिंग हेच, समोरचं पितळी. दिवसा ह्यातून पाटील बघायचे, दिवेलागणीनंतर हेच काढून वर घराच्या धाब्यावर, छतावर न्यायचं आणि मृग बघायचा. माणसाचा चेहरा उजळ यावा म्हणून केलेलं भिंग, पण त्याला काय, जो उजेड येईल तो घेतं. वर बैलगाडीचा एक जुना आस आहे, रेवजी लोहाराकडून तासून घेतलेला, तो ध्रुवाकडे रोखून कोनात रोवलाय. आमच्याकडे ध्रुव खाली असतो, एकवीस-बावीस अंशांवर, शेजारच्या छपरावर टेकल्यासारखा. आसावर कॅमेरा. खाली दोन दातेरी चाकं, जिनिंगच्या भंगारातली, आणि त्यांना फिरवणारं एक हँडल. हँडलचे मिनिटाला चार फेरे झाले की कॅमेरा आभाळाबरोबर चालतो. तीन झाले तर मागे पडतो, पाच झाले तर पुढे जातो. चार म्हणजे चार, आणि सारखे, धक्का न देता, अर्धा तास, पाऊण तास. मी डोळा बाजूच्या लहान दुर्बिणीला लावायचो — तिच्यात कोळ्याच्या धाग्याची फुली लावलीय, फुलीवर एक तारा धरून ठेवायचा — आणि हात हँडलवर. दोन्ही एकट्याला जमेना. माझ्या हाताला घाई आहे. ती एकदा वर आली, वाळत घातलेल्या कुरडया झाकायला. बघत उभी राहिली. मग म्हणाली, सरका. म्हणाली, “हाई ते जातं शे.” हे तर जातं आहे — आमच्याकडची बोली, तुम्हाला सवय नसेल.

आणि जातंच होतं ते. एका फेऱ्याला एक ओवी. मी घड्याळ लावून मोजली, पंधरा सेकंद. चौदा नाही, सोळा नाही. तुमच्याकडे वजनावर चालणारी यंत्रं असतील दुर्बिणीला, माझ्याकडे कळसाडीची ओवी होती. तिचं माहेर कळसाडी. एका ओवीत तापी यायची, माहेरची वाट तापीच्या काठाकाठाने जाते असं काहीतरी, आणि ती ओवी जरा लांब होती. तिथे ती शब्द थोडे दाबून म्हणायची, पंधरात बसावी म्हणून. मी तसं सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं. मी फुलीवर डोळा ठेवून ‘हळू’ म्हणायचो, ‘जरा पुढे’ म्हणायचो — पहिल्या महिन्यानंतर तेही म्हणावं लागलं नाही. मध्येच विचारायची, कितलं ऱ्हायनं? किती राहिलं. मी म्हणायचो, बारा मिनिटं. पुढची ओवी सुरू.

गावात हसायचे. शेजारी मिरचीची पथारी आहे, आताही लाल दिसली असेल तुम्हाला येताना, एकरभर नुसती वाळत टाकलेली मिरची — तिथला मुकादम सुपडू, तो एक दिवस खालून ओरडला, “पितांबरभाऊ बायकोकडथीन आभाय दयाई लेस!” बायकोकडून आभाळ दळून घेतो म्हणे. तीच म्हणाली वरून, “दयस मी, पीठ मातर यासलेच दिखस.” दळते मी, पीठ मात्र ह्यांनाच दिसतं. पथारीवरच्या बाया हसल्या. सुपडू त्या दिवसापासून तिला आभाळवाली वहिनी म्हणायला लागला.

हो, खरंच होतं ते. दुर्बिणीतून तिने कधी पाहिलं नाही. कसं पाहणार? काच उघडी असेस्तोवर हँडल सोडता येत नाही, आणि काच झाकली की मी खाली पळायचो धुवायला. एकदोनदा म्हणाली, माले बी दखाडा. दाखवू म्हटलं. कृत्तिकांना ती झुमकं म्हणायची आणि मी ते दुरुस्त करायचो.

खोकलात? — पाणी घ्या. नाही, तिथे नाही, आतल्या खोलीत, ते काळं दार ढकला, माठ आहे कोपऱ्यात आणि वर तांब्या. घ्या, घ्या, संकोच करू नका. लाल काचेचा कंदील असेल दाराशी, त्याला धक्का लागू देऊ नका. — आलात? बरं वाटलं? मिरची आहे ही. दिवाळीपासून माघापर्यंत असंच. वारा पथारीकडून आला की सगळी गल्ली खोकते. शाळेत मास्तर खोकतात, स्टेशनवर हमाल खोकतात, देवळात आरती चालू असते आणि मागून ठसका. आमच्याकडे म्हणतात, थंडीत जो खोकत नाही तो परगावचा. आणि आभाळ स्वच्छ असतं तेही याच दिवसांत. दुसरे दिवस मला मिळणार नव्हते. पावसाळ्यात ढग, उन्हाळ्यात धूळ. जे करायचं ते मिरचीच्या दिवसांत.

ही बघा. ही धरा उजेडाकडे. कृत्तिका. आता मधल्या ठळक ताऱ्याला डावीकडे बारीक शेपूट दिसेल — दिसली? सगळ्याच ठळक ताऱ्यांना आहे, एकाच बाजूला, एकाच लांबीची. बारक्यांना नाही, त्यांचा उजेड तेवढ्या वेळात काचेवर उठत नाही. तुम्ही विचारणारच होतात. भिंगाचा दोष नाही तो. ती खोकली तिथे. खोकला आला की हात झटकन पुढे जायचा, तारा फुलीवरून सुटायचा, मग आणायचो जागेवर, दोन-तीन सेकंद जायचे. तेवढी ती शेपूट.

ह्या वहीत आहे सगळं. काचांची वही. तारीख, काय घेतलं, किती मिनिटं, हवा कशी, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. वाचून दाखवतो, माझं अक्षर तुम्हाला लागायचं नाही. सन पस्तीस, बावीस नोव्हेंबर. कृत्तिका. तीस मिनिटं. हवा स्वच्छ. शेरा — नऊ वाजून दहा, खोकला, एक. ठळक ताऱ्यांस शेपूट. ती ही काच, तुमच्या हातातली. चोवीस डिसेंबर. मृग. शेरा — खोकला, दोन. आठ पन्नास आणि नऊ पाच. मग जानेवारीत तीन. मग उन्हाळा-पावसाळा, काचा नाहीत, रकाना नाही. पुढची थंडी. पंधरा नोव्हेंबर, खोकला, सात, काच बाद. अकरा डिसेंबर, खोकला, अकरा. ही पण बाद म्हणायची, पण ठेवली.

मी उपाय केले, नाही केले असं नाही. यंत्रात दोष निघाला की माणूस उपाय शोधतोच. खडीसाखर ठेवायला सांगितली तोंडात. ज्येष्ठमध आणला. पथारीच्या बाजूला पोत्यांचा आडोसा बांधला, मिरचीचा वारा अडवायला. आणि मग माझ्या असं लक्षात आलं, की हँडल खाली असताना धक्का बसला तर शेपूट लहान येते, वर असताना बसला तर मोठी. वजन कसं पडतं त्यावर आहे ते. तेव्हा मी तिला म्हटलं, आलाच खोकला तर हँडल खाली येईस्तोवर थांबव, खाली आल्यावर खोक. तिने विचारलं नाही की असा कसा थांबवायचा. करून बघितलं तिने. दोन काचांवर जमलंसुद्धा. वहीत आहे — ‘धक्के खालच्या बाजूस, सुधारणा’.

ओव्या बंद झाल्या त्या हिवाळ्यात. गायलं की ठसका लागतो म्हणाली. नुसते ओठ हलायचे. मी घड्याळ लावून पाहिलं, पंधराच.

माघात रक्त पडलं, दिवसाढवळ्या, चुलीपुढे. फाल्गुन लागला तेव्हा नेलं. नवापूरकडे डोंगरात, मिशनचा दवाखाना, हवा चांगली तिथली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खोकला कधीपासून? ती म्हणाली, मिरचीना शे, दरसाल होस. मिरचीचा आहे, दरवर्षी होतो. मी म्हटलं, नाही, मी नक्की सांगू शकतो — आणि वही काढली. वही कोटाच्या खिशात होती, असायचीच. सांगितलं, बावीस नोव्हेंबर, पस्तीस साल, नऊ वाजून दहा मिनिटं. मग सगळ्या नोंदी वाचल्या, एक, दोन, तीन, सात, अकरा. मला वाटलं, बाईंना उपयोग होईल. इतकी नेमकी माहिती त्यांना कोण देतं? त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, पानं उलटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बराच वेळ लागला. मग परत दिली.

म्हणाल्या, “किती नीट लिहून ठेवलंत हो तुम्ही.”

बास. चांगल्या बाई आहेत, रागावल्या वगैरे नाहीत. इसहाकला हाक मारली आणि खाट दाखवायला सांगितली. मी दर पंधरा दिवसांनी जायचो. ती विचारायची, धाब्यावरचं यंत्र झाकलं का पावसाचं. झाकलं म्हणायचो. एकदा विचारलं, दुसरं कोण फिरवतं का आता? मी म्हटलं, कोणी नाही. त्यावर डोळे मिटून पडून राहिली.

— हो, ती मला माहीत आहे. तुम्ही ज्या काचेसाठी आलात ती. तेरा जानेवारी, त्याच दुसऱ्या थंडीतली. ती पेटीत नाही, इथे आहे, टेबलाच्या खणात. बघा. बघायला हरकत नाही. मृगाचा तेजोमेघ, चाळीस मिनिटं. कडेपर्यंत तारे गोल आहेत, मोहरीसारखे. मेघाचे दोन्ही पंख आलेत. याच्या इतकी चांगली काच माझ्याकडे दुसरी नाही, आणि हाताने फिरवलेल्या यंत्रावर दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही — हे मी तुम्हाला पत्रात लिहिलंच आहे, तेव्हा खोटं बोलत नाही. प्रदर्शनात लावण्यासारखी आहेच. तुमच्या मंडळाने हीच मागितली त्यात काही चूक नाही.

शेऱ्याचा रकाना रिकामा आहे, तो तुम्ही बघितलात. तुमची नजर चांगली आहे. सगळीकडे भरलेला आणि इथेच कोरा. लिहायला काही नव्हतं तेव्हा. एकही खोकला नाही. चाळीस मिनिटांत एकदाही नाही. मी फुलीवर डोळा लावून बसलो होतो आणि तारा हलत नव्हता, साहेब, चिकटवल्यासारखा. मला इतकं बरं वाटत होतं की मी वर मान करून बघितलंही नाही. संक्रांतीचा आदला दिवस, घरात तिळाचा वास, हवा अशी की शिंतोडा उडावा तसे तारे. एकच गोष्ट माझ्या लक्षात आली होती — तिने एकदाही विचारलं नाही, कितलं ऱ्हायनं. मी मनात म्हटलं, आज लक्ष लागलंय हिचं.

काच झाकली तेव्हा पाहिलं. पदर तोंडात होता. असा नाही, तोंडावर नाही — आत. मूठभर कोंबलेला, गालापर्यंत. नाकाने श्वास घेत होती. मी म्हटलं, शाबास. आणि काच घेऊन खाली आलो.

तुम्ही आत जाऊन आलात ना, पाणी प्यायला? तीच अंधारी खोली. पूर्वी ती आमची पाण्याची खोली होती. काचा धुवायला पाणी लागतं, म्हणून मी तिचीच अंधारी खोली केली आणि माठ तिथेच राहिला. घरातलं प्यायचं पाणी त्या एका खोलीत. दार लावलं की लावलं, काच हायपोत, चित्र पक्कं करणाऱ्या पाण्यात, जाईपर्यंत उघडता येत नाही, उजेडाची चीर आली तर चाळीस मिनिटं गेली. हे घरात सगळ्यांना माहीत — सगळ्यांना म्हणजे आम्हा दोघांना. मी काच डेव्हलपरमध्ये टाकली आणि मोजायला लागलो. वर ती खोकत होती. चाळीस मिनिटांचा एकदम. मग जिना उतरल्याचं ऐकू आलं, मग दाराशी. कडी वाजवली नाही तिने. म्हणाली, “पानी द्या जरासं.”

मी म्हटलं, दार लोटू नको. पाच मिनिटं.

ती थांबली. दाराला टेकून बसली असावी, आवाज खालून यायला लागला. मी मोजत होतो. तारे उमटायला लागले, काचेवर काळे ठिपके, एकेक — सगळे गोल. मी आतूनच म्हटलं, गोल येताहेत. मग हायपो, मग दार उघडलं, लाल कंदील तसाच होता. ती आत आली, काच मी धरली होती कंदिलापुढे, ओली. तिने विचारलं, “तारा गोल उनात का?” तारे गोल आले का. मी म्हटलं, बघ. बघितलं तिने, अगदी जवळून. पदर हातात होता, त्याने तोंड पुसलं. घरातलं, विटून पांढरं झालेलं लुगडं होतं, आणि मी त्या पदराकडे पाहिलेलं मला आठवतं. स्वच्छ दिसला. लाल उजेडात पांढऱ्यावरचं लाल दिसत नाही, साहेब. पांढरंच दिसतं. हे मला कोणी सांगायला नको, पंधरा वर्षं त्या उजेडात काम करतोय. सकाळी पदर दोरीवर वाळत होता, धुतलेला, आणि त्यावर तपकिरी डाग. मी विचारलं, हा कसला? ती म्हणाली, मिरचीना. मी म्हटलं, बरं.

ऐका, ही काच मी देत नाही. राग मानू नका. लिहिलं होतं देईन म्हणून, पण नाही देत. ही न्या, अकरा डिसेंबरची. मृगच आहे, तीस मिनिटं, मेघही आलाय, शेपट्या आहेत फक्त. अकरा आहेत, एकीवर एक चढल्यात, मोजता येणार नाहीत. कोणी विचारलंच प्रदर्शनात, तर सांगा की यंत्र फिरवणारीला खोकला होता. तिचं नाव गजराबाई. ते खाली लिहिलंत तर लिहा. — नाही चालणार? मंडळाला गोल तारे लागतात. बरोबर आहे त्यांचं. मीही पाठवली नसती.

मग रिकामे जा. उठा आता, गाडीची वेळ होत आली, आणि स्टेशनपर्यंत पथारीच्या कडेने जावं लागतं. तोंडाला रुमाल लावा. काच इकडे द्या. तुमचा खोकला मिरचीचाच आहे, पण गेल्यावर दाखवून घ्या कोणाला तरी. नाही, माझ्यामुळे असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, आधी आणलं असतं तरी वाचली असती असं सांगता आलं नसतं. मी ते म्हणत नाहीये. तुम्ही विचारलंत रकाना कोरा का, म्हणून सांगितलं. तारे गोल आले त्या आनंदात मी ती काच वाळत ठेवायला बाहेर गेलो, वही काढली, तारीख घातली, मिनिटं घातली. माठ तिथेच होता, दोन हातांवर. तिला पाणी द्यायचं राहिलं.